दोन प्रिंटरांचं घर

सकाळचे साडेदहा वाजले तरी अण्णा उठले नव्हते, आणि सुलभाला चैन पडत नव्हतं.

खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं. तीन महिन्यांपूर्वी हेच अण्णा, म्हणजे तिचे सासरे बाळकृष्ण दिवटे, वय वर्षं एक्याऐंशी, पहाटेपासून घरभर फिरायचे. नळ उघडे टाकायचे, कड्या वाजवायचे, "माग का बंद पडलेत? जॉबर कुठं गेला?" असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारायचे. माग विकून आणि माग दुरुस्त करणारा जॉबर सोडून जाऊन पंधरा वर्षं झाली होती. विस्मरणाचा आजार त्यांच्या डोक्यातली वर्षं एकेक करून उसवत होता आणि त्या उसवण्याचा आवाज दिवसभर घरात घुमत असायचा.

आता आवाज नव्हता. सुलभाची भाकरी वेळेवर होत होती, दुपारी तासभर पडायला मिळत होतं, अर्धवट राहिलेली भरतकामाची उशीसुद्धा पुरी झाली होती. मनगटावरचा पट्टा रक्तदाब दाखवत होता एकशे सव्वीस, ब्याऐंशी. इतका चांगला आकडा तिनं पन्नाशीनंतर पाहिला नव्हता. पण इचलकरंजीसारख्या मागांच्या गावात माणूस खडखडाटानं जागा होत नाही. खडखडाट थांबला की दचकून जागा होतो. तसं तिचं झालं होतं. ती तीनदा अण्णांच्या खोलीच्या दारात जाऊन आली. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. ती परत फिरली.

मधल्या खोलीत टेबलावर घरचा संगणक होता आणि त्याच्या दोन बाजूंना दोन प्रिंटर. डावीकडचा अण्णांचा, उजवीकडचा तिचा. कागद छापणारा जुना प्रिंटर टेबलाखाली धूळ खात पडला होता. हे दोन्ही कागद छापत नसत. ते औषध छापत.

कल्पना तशी साधी होती. कागदाचा प्रिंटर शाईचे अतिसूक्ष्म थेंब मोजून, नेमक्या जागी टाकतो. शाईऐवजी औषध भरलं आणि कागदाऐवजी जिभेवर विरघळणारी पातळ पट्टी ठेवली, की तेच यंत्र औषधाची मात्रा मोजून देऊ शकतं. कारखान्यातली गोळी पाचाची असते नाहीतर दहाची. शरीराला पाच आणि दहा हे आकडे माहीत नसतात. त्याला एखाद्या दिवशी साडेतीन पुरतं, एखाद्या दिवशी सव्वासहा लागतं. मनगटावरचा पट्टा नाडी, रक्तदाब, झोप, चालणं, सगळं दिवसभर मोजायचा. संध्याकाळी संगणकातला प्रोग्रॅम त्यावरून त्या दिवसाची मात्रा ठरवायचा आणि प्रिंटरमधून बोटाच्या पेराएवढी पट्टी बाहेर यायची. डॉक्टरांचं काम इतकंच, की प्रत्येक औषधाची खालची आणि वरची मर्यादा घालून द्यायची. त्या दोन खुंट्यांच्या मध्ये प्रोग्रॅम मोकळा.

अण्णांचा प्रिंटर गेल्या वर्षीच आला होता. त्यात स्मरणाचं एक औषध होतं आणि मन शांत करण्याचं दुसरं. दुसऱ्याची मर्यादा शून्य ते सहा मात्रा. आषाढात सुलभाचा रक्तदाब हाताबाहेर गेला तेव्हा तिच्यासाठी दुसरा प्रिंटर आला. तो बसवायला मोमीन आले होते. कोपऱ्यावर त्यांचं औषधांचं दुकान होतं. त्यांच्या वडिलांचे आणि अण्णांचे माग एकाच शेडमध्ये चालत, त्यामुळे नातं दुकानापुरतं नव्हतं.

"वहिनी, याला वेगळा संगणक घेतला तर बरं," ते म्हणाले होते.

"एका घरात दोन संगणक? अहो मोमीनभाऊ, कागदाचे दोन प्रिंटर आपण एकाला जोडतोच की."

"जोडता येतात. चालतंय तसं. फक्त काय आहे..." तेवढ्यात दुकानातून फोन आला, गिऱ्हाईक ताटकळलं होतं, आणि ते 'फक्त' तिथंच राहिलं. संगणकानं विचारलं, दोन्ही प्रिंटर एकाच घरातले आहेत का, दोन्हींचं काम एकत्र हाताळू का? सुलभानं 'हो' वर बोट ठेवलं. दुसरं काय ठेवणार?

अकरा वाजता तिनं अण्णांना हलवून उठवलं. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चहा घेतला. बशीतला चहा हनुवटीवरून ओघळला, तो तिनं पदरानं पुसला.

त्या दिवशी अष्टमी होती.

दिवट्यांच्या घराची रीत अशी, की खंडेनवमीला यंत्राची पूजा आणि यंत्राला विसावा. अष्टमीला दुपारीच बटणं बंद व्हायची ती दसऱ्याला सुरू व्हायची. माग गेले तरी सुलभानं ती रीत सोडली नव्हती. शिलाई मशीन, मिक्सर, पाण्याचा पंप, सगळ्यांना नवमीला सुट्टी. यंदा तिची नजर प्रिंटरांवर गेली. तिनं मोमीनना फोन लावला.

"दोन दिवस पट्टी चुकली तर चालेल का हो?"

"तुमच्या जुन्या गोळ्या असतील ना? त्यातली रोज एक घ्या. अण्णांचं दोन दिवसांनी काही बिघडत नाही. चिडचिड करतील जरा."

"ती सवयीची आहे," सुलभा म्हणाली आणि तिनं दोन्ही प्रिंटर बंद केले.

नवमीला सकाळी ती स्वयंपाकघरात कडाकण्या तळत होती. मधल्या खोलीत कुणीतरी खाकरलं. तिनं झारा खाली ठेवला आणि जाऊन पाहिलं. अण्णा टेबलासमोर उभे होते. स्वतः अंघोळ करून, धोतर नेसून, टोपी घालून. हळदीकुंकवानं आणि झेंडूनं सजवलेल्या प्रिंटरांकडे ते असे बघत होते, जणू कामगारानं सूत तुटल्यावरही माग तसाच चालू ठेवला आहे.

"ही काय पूजा म्हणायची?"

"का अण्णा, काय चुकलं?"

"उघडलीस का यंत्रं? पुसलीस? वरनं हळद-कुंकू चोपडायला तो काय नवरदेव हाय?"

तीन महिन्यांत त्यांनी सलग इतके शब्द उच्चारले नव्हते. सुलभाला हसू आलं.

"नवमीला यंत्र आतनं बघायचं असतंय," ते खुर्चीत बसत म्हणाले. "मागावर सूत घेऊन पळणारा एकेक धोटा मी हातात घेऊन बघायचो. कुठला झिजलाय, कुठल्याला चीर गेलीया. आण फडकं. आणि पेपर आंथर."

तिनं वर्तमानपत्र अंथरलं. झाकणं उघडली आणि आतली कार्ट्रिजं एकेक करून पेपरवर मांडली. बोटभर लांबीची, कडेला पारदर्शक खिडकी असलेली. अण्णांनी ती उजेडात धरून पाहिली.

"ह्यो धोटा लई पळालाय," त्यांनी एक बाजूला काढलं. "आणि ह्यो नुसता बसून खाल्लाय."

सुलभानं दोन्ही पाहिली. पळालेलं कार्ट्रिज त्यांच्या मन शांत करण्याच्या औषधाचं होतं. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिनंच ते नवं बसवलं होतं. सहा महिने पुरायचं ते सव्वा महिन्यात तळाला गेलं होतं. बसून खाल्लेलं तिच्या रक्तदाबाचं होतं. त्याच दिवशी बसवलेलं, आणि जवळजवळ काठोकाठ भरलेलं.

"अण्णा, आज बरं वाटतंय का?"

"डोक्यात कापूस भरल्यागत होतंय. आज जरा कमी हाय." ते थांबले. "किती दिवस झालं गं?"

"कशाला?"

"मी झोपल्याला."

ती फडकं घेऊन आधीच पुसलेली झाकणं पुन्हा पुसत राहिली.

दसऱ्याला तिचा नवरा मोहन घरी आला. तो सुरतेला एका स्वयंचलित कापड गिरणीत देखरेखीच्या कामावर होता. महिन्यातून दोनदा यायचा. दुपारी मोमीन सोनं द्यायला आले. अण्णा कट्ट्यावर बसून गल्लीतल्या प्रत्येकाकडून आपट्याची पानं घेत होते आणि प्रत्येकाला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारत होते. आत सुलभानं मोमीनना संगणकासमोर बसवलं आणि दोन्ही कार्ट्रिजं त्यांच्यापुढे ठेवली.

मोमीननी तीन महिन्यांचे आकडे काढले. एक रकाना अण्णांचा, एक सुलभाचा. श्रावणात अण्णांची मात्रा दीड. मग दोन. मग सव्वातीन. अनंत चतुर्दशीला सहा, आणि तिथून पुढं रोज सहा. शेजारच्या रकान्यात सुलभाची मात्रा त्याच गतीनं खाली उतरत गेली होती. मोमीननी दोन्ही रकान्यांवरून पुन्हा वरून खाली बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"वहिनी, तुमच्या रक्तदाबाचं औषध अण्णा घेतायत."

"असं कसं होईल? कार्ट्रिजं वेगळी आहेत."

"कार्ट्रिजं वेगळी आहेत, गणित एक आहे. हे बघा. प्रोग्रॅमला काम काय दिलंय? मनगटी पट्ट्यांवरचे वाईट आकडे कमी कर, आणि कमीत कमी औषधात कर. तो रोज मात्रा किंचित वरखाली करून बघतो, दुसऱ्या दिवशी काय होतं ते टिपून ठेवतो. तुमची मात्रा अर्ध्यानं वाढवली तर तुमचा दाब तीननं उतरत होता. एकदा त्यानं अण्णांची अर्ध्यानं वाढवली. अण्णा दुपारभर झोपले. तुमचा दाब आठनं उतरला."

सुलभा उभी होती ती बसली.

"मग त्यानं पुन्हा वाढवली," मोमीन म्हणाले. "कुणीही गणित करणारा हेच करेल. पाणी उताराकडं जातं, तसं. दोन्ही प्रिंटर एकाच संगणकाला असले, की त्याच्या लेखी या घरात एकच पेशंट आहे. दोन तोंडांचा."

"डॉक्टरांना दिसलं नाही?"

"अण्णांच्या डॉक्टरांना अण्णांचा आलेख दिसतो. शांत झोप, पडणं नाही, ओरडणं नाही. तुमच्या डॉक्टरांना तुमचा दिसतो. दोन्ही छान. मात्रा घालून दिलेल्या हद्दीतच आहे. चूक अशी कुठं बोट ठेवून दाखवता येत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "माझी आहे. त्या दिवशी मी हेच सांगत होतो आणि उठून गेलो."

मोहन दाराशी उभा राहून ऐकत होता. तो हसला. "म्हणजे सुंठेवाचून खोकला गेला की!"

मोमीन सोन्याची पानं टेबलावर ठेवून उठले. "वेगळं करायचं असेल तर एका बटणाचं काम आहे. पण वहिनी, तुमचा दाब पुन्हा चढेल, हे धरून चाला."

ते गेल्यावर मोहन म्हणाला, "चालू दे की तसंच. कुणाचं वाईट झालंय?"

"अण्णा सकाळपासून बोलतायत. ऐकताय ना?"

"चार दिवस बोलतील. मग कपाट उघडून तुझ्या साड्या बोळात फेकतील. विसरलीस? तुला डॉक्टरांनी काय सांगितलंय? असाच दाब राहिला तर एखाद्या दिवशी डोक्यातली शीर जाईल. मग त्यांना कोण बघणार, आणि तुला कोण?"

"त्यांना विचारलंत तुम्ही? झोपून राहायचंय का ते?"

"त्यांना काय कळतंय, सुलभा?"

बाहेर अण्णा कुणालातरी मोठ्यानं सांगत होते, "तुझा बाप सुताच्या कांड्या भरायला यायचा माझ्याकडं, आठ वर्षांचा असताना!" आणि समोरचा "व्हय अण्णा, सांगायचा तो," असं म्हणत होता.

सुलभाला सगळ्यात जास्त जाचत होतं ते वेगळंच. प्रोग्रॅमला काही माहीत नव्हतं, डॉक्टरांना दिसत नव्हतं. पण ती रोज त्या खोलीच्या दारात उभी राहत होती. उघडं तोंड, ओघळलेला चहा तिनं पाहिला होता. आणि प्रत्येक वेळी दार लोटून घेताना तिच्या मनात एकच वाक्य आलं होतं: बरं झालं, झोपलेत. औषध कुठं चाललंय हे तिला ठाऊक नव्हतं. पण त्याचा गुण तिला लागत होता, आणि तिनं तो मुकाट लावून घेतला होता.

तिनं बटण दाबलं. संगणकानं सांगितलं, यापुढे दोन्ही प्रिंटरांचं काम स्वतंत्र होईल. मग तिनं अण्णांच्या शांत करणाऱ्या औषधाची मात्रा प्रोग्रॅमच्या हातून काढून स्वतःकडे घेतली. आता तो आकडा रोज हातानं घालावा लागणार होता.

मोहन एकादशीला सुरतेला परत गेला.

मग सुरू झालं. अण्णा पहाटे उठत. अंगणातला नळ सोडून पाण्याची धार ऐकत उभे राहत. चपला घालत, काढत, पुन्हा घालत. जुन्या शेडच्या जागी आता मंगल कार्यालय होतं. ते तिथं जाऊन भर लग्नात जॉबरची चौकशी करत. एकदा सुलभा त्यांना शोधत पोहोचली तेव्हा ते वरपक्षाच्या पंगतीत बसून जिलेबी खात होते आणि वाढप्याला सांगत होते, की पुढच्या पाळीला माणूस कमी पडता कामा नये.

कधी दोन-दोन तास ते लख्ख असत. तिला मागाच्या बीमवर ताणा कसा भरायचा ते हातवारे करून शिकवत, सासूबाईंच्या लग्नातल्या लुगड्याचा रंग सांगत. आणि कधी एकाएकी तिला परकी ठरवून स्वयंपाकघराचं दार अडवत. एकदा त्यांनी तिच्या दंडावर फटका मारला. संध्याकाळी निळा वळ पाहून तेच हळहळले, "कुणी मारलं गं?"

तिचा आकडा चढत गेला. एकशे बेचाळीस. एकशे पंचावन्न. एकशे चौसष्ट. तिच्या प्रिंटरनं मात्रा वाढवत वरच्या खुंटीला नेली. पाय सुजू लागले, कानात सतत एक सूं असा आवाज. ती बसली की उठावंसं वाटे, उठली की बसावंसं. अण्णांच्या चालण्याचा वेग तिच्याच अंगात शिरला होता.

पहिला आठवडा संपायच्या आत एका दुपारी अण्णांनी तिला स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही. "चोरटी बाई," ते ओरडले, "माझ्या सुनेला कुठं घालवलंस?" गॅसवर डाळ करपत होती. सुलभा मधल्या खोलीत आली. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तिनं संगणक उघडला आणि चौकटीत सहाचा आकडा घातला. प्रिंटर घरघरला. पट्टी बाहेर आली. ती तिनं तळहातावर घेतली तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"ते काय हाय?"

अण्णा दारात उभे होते. आवाज निराळा होता. ओळखीचा.

ती खोटं बोलू शकली असती. जीवनसत्त्व म्हणाली असती तर त्यांनी जीभ पुढं केली असती.

"झोपेचं औषध आहे, अण्णा. तुमच्यासाठी."

"मला झोप आलीया व्हय?"

"नाही. मला सहन होत नाहीये."

मग तिनं सगळं सांगितलं. दोन प्रिंटर, एक गणित, तीन महिने. कसं सांगितलं ते तिचं तिलाच कळलं नाही. मध्ये रडली बहुतेक. अण्णांनी ऐकून घेतलं. किती कळलं देव जाणे. मग ते खुर्चीत बसले.

"म्हंजे दोन मागांना एक मोटर," ते म्हणाले. "एक जोरात पळवायचा तर दुसऱ्याचा पट्टा ढिला करायचा. आम्ही करायचो की."

"चुकलंच ते."

"चुकलं-बिकलं न्हाई. पण मालकाला विचारून करायचं असतंय." त्यांनी तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. "तू पडलीस तर माझं काय व्हायचं? देत जा थोडं. पर रोज विचारून द्यायचं. मी सांगीन तेवढंच. आज दोन दे."

तिनं सहाची पट्टी पाण्यात विरघळवून मोरीत ओतली आणि दोनची छापली.

त्या दिवसापासून चार वाजता ती विचारू लागली, "अण्णा, आज किती?" ते बोटं दाखवत. "आज एक." "आज शून्य, क्रिकेट बघायचंय." "आज तीन घाल, तुझा चेहरा उतरलाय." आठवडाभर असं चाललं. तिचा आकडा एकशे पन्नासच्या आसपास घुटमळत राहिला. चांगला नव्हे, पण निभणारा.

आठव्या दिवशी तिनं विचारलं, "अण्णा, आज किती?"

"बारा," ते म्हणाले. "दोन बंद हायत."

ते मागांबद्दल बोलत होते. तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नम्रपणे म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

तिनं शून्य घातलं. दुसऱ्या दिवशीही उत्तर आलं नाही; शून्य. तिसऱ्या दिवशी तिच्या पट्ट्यानं एकशे अडुसष्ट दाखवून बारीक शीळ घातली. संगणकावरची चौकट रिकामी होती. अण्णा अंगणात गेटची कडी वाजवत होते. एक आकडा घालायचा, की दोघांपैकी एकाचा जीव शांत होणार होता आणि दुसऱ्याचा भरडला जाणार होता. ती त्या चौकटीकडे पाहत राहिली. डावीकडं अण्णांचा प्रिंटर, उजवीकडं तिचा. पुन्हा डावीकडं. पुन्हा उजवीकडं.

आणि तिच्या ध्यानात आलं, की आपण अजून प्रोग्रॅमचंच गणित सोडवत बसलो आहोत. प्रिंटर दोन होते, म्हणून त्यानं माणसं दोनच धरली. घरात तीन होती.

तिनं मोहनला फोन लावला.

"दिवाळीला येताय ना? आठ दिवसांची रजा जास्त काढा. भाऊबीजेला मी मिरजेला दादाकडं जाणार आहे. राहणार आहे."

"आठ दिवस? आणि अण्णा?"

"तुम्ही आहात की."

"मला जमणार आहे का ते? अगं, मी कधी..."

"हो. कधीच नाही," ती म्हणाली. "रजा आजच टाका."

भाऊबीजेच्या सकाळी तिनं पिशवी भरली. चौकट कुठं आहे, पट्टी कुठून येते, चार वाजता काय विचारायचं, सगळं मोहनला दाखवलं. तो मान हलवत होता आणि मधूनच घड्याळ बघत होता. गेटपाशी अण्णांनी तिला विचारलं, "पोरी, परत कवा?" तिला त्या क्षणी पिशवी खाली ठेवावीशी वाटली. ती म्हणाली, "आठ दिवसांनी," आणि भराभर चालू लागली.

मिरजेत दादाच्या घरी तिला काही करू देत नव्हते. वहिनी म्हणाली, बसा. ती बसली. उठली. गच्चीवर गेली, खाली आली. वहिनीनं विचारलं, "काय शोधताय का?" ती म्हणाली, "नाही." पहिल्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"सुलभा, किती घालू?" मोहनला धाप लागली होती.

"त्यांना विचारा."

"विचारलं. ते मला बाबू जॉबर म्हणतायत. सकाळपासून चारदा मंगल कार्यालयावर जाऊन आलोय. जेवलो नाही मी अजून. माझं डोकं ठणकतंय, छाती धडधडतीय. तू सांग ना किती घालू?"

"ते सांगत नसतील तर तुम्ही ठरवा."

"सहा घालतो."

नको म्हणायला तिची जीभ शिवशिवत होती. पण नको म्हटलं असतं तर तो आकडा पुन्हा तिचा झाला असता. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडे कळफलकाची एक कळ वाजली. मग नुसता त्याचा श्वास.

"तू रोज असं..." तो म्हणाला आणि थांबला.

"हो."

मागून गेटची कडी वाजली. अण्णांचा आवाज आला, दूर पण खणखणीत, "ए बाबू! पाळी सुटायची वेळ झाली, चल लवकर!"

"थांब, ते गेट उघडतायत," मोहन म्हणाला. टेबलावर फोन ठेवल्याचा आवाज झाला. सुलभानं प्रिंटरच्या घरघरीची वाट पाहिली. ती घरघर तिला पुरती ओळखीची होती. पट्टी निघताना शेवटी एक बारीक टक् होतं. ती कानात प्राण आणून ऐकत राहिली.

टक् झालं नाही. चपला शोधल्याचा, पायानं उलट्या करून सरळ केल्याचा आवाज झाला.

"अण्णा, थांबा," मोहन अंगणातून ओरडला. "मी येतोय."

मग गेट बंद झालं आणि दोन माणसांची पावलं बोळातून लांब जात राहिली, एक झपाझप, एक मागं पडत, पुन्हा गाठत. ऐकू येईनाशी होईपर्यंत तिनं फोन कानाशी धरून ठेवला.